खडी, खाडी आणि समुद्र

आंबिवलीत एखाद्या घरी ‘रविवारी समुद्र बघून येऊ’ असं ठरलं, की पहिली चर्चा समुद्राची होत नाही, गाडीची होते. कसाऱ्याहून येणारी लोकल पकडली तर आसनगाव-वाशिंदच्या मंडळींनी खिडक्या आधीच अडवलेल्या असतात. टिटवाळ्याहून सुटणारी पकडली तर आंबिवली पहिलंच स्टेशन, त्यामुळे बसायला मिळण्याची आशा असते. दुसरी चर्चा डब्याची. पुरी-भाजी न्यायची की दशम्या, यावर सासू-सुनेचं एकमत होईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. समुद्राचा नंबर तिसरा, आणि तोही ‘भरती आहे का ओहोटी, बघ रे मोबाईलवर’ एवढ्यापुरता.

खरं तर पाण्याची या लोकांना नवलाई नाही. उल्हास नदी मोहन्याला लागून जाते, काळू जवळच आहे, कल्याणची खाडी तर हाकेच्या अंतरावर. पण खाडी बघायला म्हणून कोणी मुद्दाम निघत नाही. कळव्याच्या पुलावर डब्यातल्या माणसांच्या बगलांमधून जेवढी दिसेल तेवढी खाडी पुरे होते. समुद्राचं तसं नाही. समुद्र बघायला जायचं असतं. आणि अलीकडे त्यात एक पोटकलम आलंय: समुद्र वरून बघायचा. चौपाटीवर गेलं की वाळू चपलेत जाते, चपलेतून घरात येते आणि गुरुवारपर्यंत अंथरुणात सापडते. ‘त्यापेक्षा वरून बघू ना, सगळा एकदम दिसतो,’ असं काकूंनी म्हटलं की ठराव मंजूर.

वरून म्हणजे टेकडीवरून. आणि मुंबई-ठाण्याकडे टेकडी म्हटली की ती बहुधा ज्वालामुखीचीच निघते. ही गोष्ट शाळेत भूगोलाच्या पुस्तकात येते, परीक्षेत दोन मार्कांना लिहिली जाते आणि निकालानंतर विसरली जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तो तव्यावरच्या घावनासारखा पसरत गेला आणि एका थरावर दुसरा बसला. पश्चिमेकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि झीज होऊन आज उरलेलं क्षेत्रच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्या थरांना ऊन-पावसानं कोरून जे शिल्लक राहिलं, त्याला आपण सह्याद्री म्हणतो आणि त्यावर किल्ले बांधतो.

म्हणजे ज्वालामुखीच्या दगडावर उभं राहण्यासाठी आंबिवलीकराला कुठेही जायची गरज नाही. तो प्लॅटफॉर्मवर उभा असतो तेव्हा समोर रुळांखाली जी काळी खडी दिसते, ती याच जातीच्या दगडाची, बेसॉल्टची. कल्याणपासून दक्षिण मुंबईपर्यंत दीड तास तो लाव्हाच्या चुऱ्यावरून धडधडत जातो आणि मग तिकीट काढून लाव्हाच्या टेकडीवर चढतो. उंचीचंच म्हणाल तर कल्याणहून दिसणारा मलंगगड किंवा आसनगावचा माहुली यांच्यापुढे मुंबईतल्या टेकड्या म्हणजे पायरीवर ठेवलेला दगड. माहुलीला तर नवरा, नवरी आणि भटजी असे सुळके आहेत. लाव्हानं अख्खं लग्न लावून ठेवलंय. पण त्यांच्यावरून समुद्र दिसत नाही आणि वर भेळ मिळत नाही. मोठ्या माणसांच्या सहलीत हे दोन्ही मुद्दे सारख्याच वजनाचे असतात.

ज्वालामुखी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते आपल्याकडे नाहीच, ही यातली मुख्य पंचाईत. हवाईत होनोलुलूला डायमंड हेड नावाचा डोंगर आहे. अंगठीसारखं गोल विवर, एका बाजूला उंच कडा, खाली पॅसिफिक. उंची २३२ मीटर. वर जाणारी वाट अमेरिकी लष्करानं १९०८ साली किनाऱ्याच्या संरक्षणासाठी काढली. आता तिथे इतकी झुंबड असते की २०२२ पासून बाहेरगावच्या लोकांना आधी वेळ राखून ठेवावी लागते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराच्या मधोमध २५१ मीटरचा ‘आर्थर्स सीट’ आहे, तोही जुन्या ज्वालामुखीचा अवशेष, आणि त्याच्यावरूनही समुद्राचं पाणी दिसतं. त्याच नावाचा पॉइंट महाबळेश्वरला आहे. तिथलाही दगड लाव्हाचाच, पण तिथं लोकांची बोटं सगळी माकडांकडे आणि मक्याच्या कणसांकडे. आपला ज्वालामुखी मुळात डोंगरासारखा उठलाच नाही. भेगांतून आला, पसरला, थिजला. त्याला शिखर नाही, विवर नाही, धूर नाही. ‘हा बघ ज्वालामुखी’ असं मुलाला दाखवायला गेलं, तर मुलगा चारी बाजूंना बघून ‘कुठंय?’ विचारतो, आणि ‘तू उभा आहेस तोच’ या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही.

त्यातल्या त्यात दाखवण्यासारखा तुकडा अंधेरीत आहे. गिल्बर्ट हिल. सुमारे ६१ मीटर उंच, काळा, सरळसोट. लाव्हा थंड होताना आकसला आणि उभ्या भेगा पडून त्याचे कोनदार खांब झाले. असे खांब जगात मोजक्याच ठिकाणी एवढे ठसठशीत दिसतात. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरशी त्याची बरोबरी नेहमी केली जाते. फरक इतकाच, की डेव्हिल्स टॉवरच्या भोवती मोकळं रान आहे आणि आपल्या टॉवरच्या भोवती टॉवरच आहेत. १९५२ साली त्याला संरक्षण मिळालं, २००७ मध्ये महापालिकेनं वारसा म्हणून नोंदही केली. वर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ, आणि तिथवर पायऱ्या. पायऱ्या चढणारे बहुतेक देवीला आलेले असतात. समुद्र पश्चिमेला वेसाव्याकडे आहे. वर पोचल्यावर तो दिसण्यापेक्षा त्याची दिशा कळते. तरीही ‘आलोच आहोत तर’ म्हणून माणूस टाचा उंचावून बघतो, एका इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसते, आणि तो समाधानानं खाली उतरतो. देवीचं दर्शन झालेलं असतं. चादर ही वरकमाई.

दुसरा पर्याय घारापुरीचा. गेटवेहून लाँचनं साधारण तासभर. सोमवारी लेणी बंद असतात, हे धक्क्यावर गेल्यावर कळणारे लोक दर सोमवारी असतात. लेणी याच काळ्या दगडात कोरलेली, आणि त्यांच्या मागच्या डोंगरावर इंग्रजांच्या वेळच्या दोन तोफा. तिथवर चढून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोफेवर दोन्हीकडे पाय टाकून बसतात आणि फोटो काढतात. तोफेचं तोंड समुद्राकडे, बसणाऱ्याचं मोबाईलकडे. खाली दिसतो तो समुद्र निळा नसतो, मातकट असतो. त्यात तेलाची जहाजं उभी असतात आणि पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन. कामावर आलेला समुद्र आहे तो, सुट्टीवरचा नाही. वर माकडं. शीतपेयाची बाटली हातातून कशी काढून घ्यायची आणि झाकण कसं उघडायचं, हे शास्त्र त्यांनी आत्मसात केलंय. प्रस्तुत लेखकाच्या मते घारापुरीच्या डोंगरावर समुद्राकडे खऱ्या अर्थानं कोणी बघत असेल तर ती माकडंच. पुढची लाँच किती वाजता लागते यावर त्यांचं जेवण अवलंबून असतं.

पण आंबिवलीच्या काकूंचा ठराव शेवटी जाऊन थांबतो मलबार हिलवर. दादरला गाडी बदलायची, चर्नी रोडला उतरायचं, पुढे टॅक्सी. टेकडी समुद्रसपाटीपासून पन्नासएक मीटरच, पण दक्षिण मुंबईत तिच्याहून उंच दगड नाही. मुंबईचे हे सगळे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. जमीनसुद्धा इथं समुद्राकडे झुकून बसली आहे. याच रांगेत पुढे वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मधल्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथं गोडं पाणी साठलं होतं आणि त्यात हे इवले बेडूक सुखानं नांदत होते. म्हणजे ‘आता काही पुन्हा होत नाही’ म्हणून वरळीत जागा घेणारे पहिले तेच.

मलबार हिलवर मराठी कुटुंबाचा पहिला मुक्काम ठरलेला: कमला नेहरू पार्क आणि म्हातारीचा बूट. काका स्वतः सहावीत असताना शाळेच्या सहलीतून त्या बुटात चढले होते. ही माहिती ते दर वेळी देतात, आणि दर वेळी बूट लहान झाल्याची तक्रारही करतात. बुटात फक्त लहान मुलांना सोडतात; नववीतल्या मुलीला चढायचंच नसतं आणि काकांना चढू देत नाहीत, असा दोन्ही बाजूंनी पेच होतो. समोर फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन. ते एकोणिसाव्या शतकातल्या पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर वसवलेलं आहे. आता मुंबईला पाणी येतं कुठून? तानसा, भातसा, वैतरणा. सगळी ठाणे-नाशिककडची नावं, शहापूर-कसाऱ्याच्या अंगाची. पाणीसुद्धा आंबिवलीच्या पलीकडूनच मुंबईला येतं. फरक एवढाच, की त्याला ठाण्यापुढे उभं राहावं लागत नाही.

आजींना हे सांगितल्यावर त्या बागेतल्या हिरवळीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. ‘आमच्याकडे नळाला एक दिवसाआड,’ एवढंच म्हणतात आणि बाकावर बसून दशम्या सोडतात.

२०२५ च्या गुढीपाडव्याला या टेकडीच्या उतारावर महापालिकेनं झाडांमधून जाणारी लाकडी पायवाट खुली केली. ४८५ मीटर लांब, जमिनीपासून उचललेली, टोकाशी समुद्र बघायला सज्जा. तिकीट २५ रुपये, ऑनलाइन वेळ राखायची, तासाला दोनशे माणसं. म्हणजे होनोलुलूची शिस्त मलबार हिलवर आली. वेळ राखायचं काम अर्थातच नववीतल्या मुलीकडे. काकांना ‘स्लॉट’ ही कल्पना मान्य नाही. ‘समुद्र काय पाच ते सहा असतो का?’ असं ते विचारतात, पण ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येत असल्यामुळे ते या व्यवस्थेचे भागीदार होतात.

पायवाटेवर पाट्या आहेत, झाडं आहेत, पक्षी आहेत. गुलमोहर ओळखता येतो म्हणून सगळे गुलमोहरापाशी थांबतात. लोकांच्या पायांखाली फळ्या, फळ्यांखाली माती, मातीखाली तो जुना लाव्हा. त्याच्यासाठी मात्र कोणी थांबत नाही. त्याला फुलं येत नाहीत.

मग येतो सज्जा, आणि सज्जात काच. खाली बघितलं की पायांखाली झाडांचे शेंडे. इथं माणसांचे स्वभाव जितके उघडे पडतात, तितके लग्नाच्या पंगतीतही पडत नाहीत. काका काचेच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर दोन्ही पाय ठेवून ‘काही होत नाही, चला, या’ असं सगळ्यांना बोलावतात. त्यांची स्वतःची टाच पट्टीच्या बाहेर तसूभरही येत नाही. काकू काचेवर पाय ठेवण्याआधी चप्पल काढतात. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मुलगी काचेवर आडवी होऊन रील करते. आजी सरळ चालत जातात, मधोमध उभ्या राहतात आणि विचारतात, ‘कुठंय समुद्र?’

समुद्र समोरच असतो. गिरगाव चौपाटीची वाळू, तिच्यापुढे मरीन ड्राइव्हची ती कमान, टोकाला नरिमन पॉइंटच्या इमारती. दृश्य खरोखरच देखणं आहे. त्यात थट्टेला जागा नाही. थट्टेला जागा आहे ती सूर्यास्ताला. दर संध्याकाळी इथं सूर्यास्त बघायला म्हणून माणसं येतात आणि समुद्राकडे डोळे लावून उभी राहतात. टेकडीची ही बाजू पूर्वेची. समोरचं पाणी हे बॅक बे, आणि सूर्य मावळतो तो पाठीमागे, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. आकाश तांबडं होतं, इमारतींच्या काचा चमकतात, पण सूर्य काही पुढे येत नाही. दहा मिनिटांनी कोणीतरी हळूच मागे वळून बघतं. मग दुसरं. मग सगळी रांग समुद्राला पाठ दाखवून झाडांच्या फांद्यांमधला तांबूस ठिपका शोधू लागते. काकांचं म्हणणं, ‘पूर्वी इकडूनच दिसायचा.’ सूर्याचा मार्गही त्यांच्या लहानपणानंतर बदललाय.

या कुटुंबासोबत शेजारचे एक काका हमखास असतात. मोहन्याच्या एनआरसीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. कंपनी २००९ मध्ये बंद पडली, पण त्यांचा नकाशा अजून तिच्यावरूनच मोजला जातो. कुठल्याही उंच जागी गेलं की त्यांच्यातला सर्वेक्षण खात्याचा माणूस जागा होतो. ‘ते बघा वानखेडे. ते एअर इंडियाचं. तो धूर दिसतोय ना, ते माझगाव.’ कोणी ‘खरंच?’ म्हटलं की बोट आणखी लांब जातं. ‘तारापोरवाला मत्स्यालय तिथं, त्याच्या मागं, डोळे जरा बारीक करा.’ सगळे डोळे बारीक करतात. डोळे बारीक केल्यावर आधी दिसत होतं तेही दिसेनासं होतं, पण मान सगळे डोलावतात.

आणि मग तो क्षण येतो, जो महाबळेश्वरपासून होनोलुलूपर्यंत प्रत्येक टेकडीवर येतो. शेजारचे काका समुद्राकडे पाठ करतात, ग्रँट रोडच्या दिशेला हात लांबवतात आणि म्हणतात, ‘आणि आपली आंबिवली इकडे. सरळ रेषेत. पन्नास किलोमीटर.’

गंमत म्हणजे आकडा चुकीचा नाही. सरळ रेषेत जवळपास तेवढंच भरतं, ईशान्येला. मधे झाडं, इमारती, परळ, कुर्ला, ठाण्याची खाडी, मुंब्र्याचा डोंगर आणि रविवार संध्याकाळचं धुरकं. दिसण्यासारखं तिकडे काहीएक नाही. तरी अख्खं कुटुंब काचेच्या सज्जात समुद्राला पाठ करून उभं. ‘म्हणजे एनआरसीची चिमणी त्या टॉवरच्या डावीकडे येईल?’ ‘जरा उजवीकडे. टॉवर सोडून दुसरा.’ ‘आपली बिल्डिंग?’ ‘तिच्या मागं.’ काकूंना एवढ्यात आठवतं, की मागची खिडकी उघडी राहिली आहे. त्या दिशेला त्या जरा काळजीनंच बघतात. एडिंबरोच्या आर्थर्स सीटवरही माणसं चढून आपली गल्ली शोधतात म्हणे, पण तिथं निदान गल्ली दिसते.

आजींनी मात्र समुद्र बघून घेतलेला असतो. सगळ्यांत आधी, सगळ्यांत कमी वेळात. आता त्या सज्जाच्या कठड्याला टेकून तिथल्या सुरक्षारक्षकाशी बोलत असतात, कारण ‘वेळ संपली, चला, पुढची बॅच आहे’ असं सांगायला तो आलेला असतो आणि आजींनी त्याला आधीच गाठलेलं असतं. दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील, जेवलास का, मुलं किती, या पायऱ्या भराभर चढून त्या मुद्द्यावर येतात.

‘राहतोस कुठे रे बाळा?’

‘टिटवाळा.’

मग वानखेडे नाही, माझगाव नाही, बॅक बे तर नाहीच. काका पट्टीवरून काचेवर कधी आले हे त्यांनाही कळत नाही. शेजारचे काका रक्षकाच्या खांद्यावर हात ठेवतात. टिटवाळ्यात कुठे, स्टेशनजवळ की गणपतीच्या बाजूला. अमके तमके माहीत आहेत का. पाणी येतं का. सकाळची कितीची पकडतोस. बसायला मिळतं का. पुढच्या तासाची दोनशे माणसं मागे फळ्यांवर खोळंबलेली असतात, आणि रक्षक हळू आवाजात शेजारच्या काकांना समजावत असतो, की दादरला पुलाच्या नेमक्या कुठल्या जिन्यानं उतरलं की टिटवाळ्याच्या गाडीतला कमी गर्दीचा डबा समोर येतो.